हौसाआक्कांचं नाक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीतही नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. दुपारी हात रिकामा झाला की चार ओळी लिहिते. समोर माणूस असला की मला बोलायला सुचत नाही, पण आमच्या जुन्या घरमालकीण हौसाआक्का डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले.

लग्नानंतर आम्ही परभणीकडून मोशीला आलो. नवऱ्याला चाकणला कंपनीत काम लागलं होतं. आक्कांच्या जागेत पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खोलीत वेगळ्या जिल्ह्याचं बिऱ्हाड. आक्का भाडेकरूंची नावं लक्षात ठेवत नसत, जिल्हे ठेवत. "ए जालना, मोटर बंद कर की." "त्या बीडला सांग, गाडी आडवी लावू नको." मी परभणी. पुढं एक परभणीचीच बाई शेजारी राहायला आली, तर तिला "धाकटी परभणी" म्हणाल्या आणि प्रश्न मिटवला.

आक्का तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, थोरल्या मुलानं जेसीबी घेतले, बंगला बांधला. पण नदीकडचा एक तुकडा आक्कांनी विकू दिला नाही. त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी करायच्या आणि आपल्याच जमिनीवर झालेल्या इमारतीच्या गेटाबाहेर भाजी घेऊन बसायच्या. थोरला लाजायचा. म्हणायचा, "आई, लोक काय म्हणतील?" त्या म्हणायच्या, "लोक म्हणत्यात जुडी केवढ्याला दिली. दुसरं काय म्हणत न्हाईत." डोक्यावर पदर असायचा, पण छत्री, टोपी काही नाही. सगळं ऊन तोंडावर. तोंड रापून रापून पितळी झालं होतं, आणि त्यात नाक मोठं, सरळ. डाव्या बाजूला खड्यांची चमकी, सणाला नथ. "नाक मोकळं ठेवून मी कधी पाणी प्याले न्हाई," असं सांगायच्या.

मी घरीच काम करायचे. कंपनीला लागणाऱ्या रबराच्या रिंगा साच्यातून निघतात तेव्हा त्यांना बाजूनं पातळ जादा कड राहते. ती ब्लेडनं कापायची. रिंगेला ब्लेड लागलं की माल फेल. ऊन चांगलं असेल तेव्हा मी दारात बसायचे आणि आक्का भाजी विकून आल्या की समोर पाय पसरून बसायच्या. बोलायच्या त्याच. मी हूं म्हणायचे. "तू लई गप हायस," त्या म्हणायच्या, "पण बरंय. माझं बोलणं मोडत न्हाईस."

तिथंच बसलेल्या असताना मला तो दाणा पहिल्यांदा दिसला. चमकीच्या भोकाला लागून, ज्वारीच्या दाण्याएवढा, काळपट आणि वरून चकचकीत. तोंड पुसलं की त्यातून रक्त यायचं, खपली धरायची, खपली पडली की परत रक्त. रांगेतल्या सगळ्या बायकांनी एकच निदान केलं, चमकी पिकली. हळद-तेल झालं, कडुनिंबाचं पाणी झालं. दाणा होता तिथंच. मग आक्कांनी ठरवलं की सोनंच खोटं आहे. नाकाला खोटं सोनं सोसत नाही म्हणे. त्या मला घेऊन चिंचवडला सराफाकडे गेल्या.

"बघ हे," त्या नाक पुढं करून म्हणाल्या. "तुझ्या सोन्यानं नासलं."

सराफ म्हातारा, सभ्य. "आक्का, बावीस कॅरेट आहे. तुमच्या सासूबाईंपासून आपला व्यवहार आहे."

"सासू गेली. आता कोण इचारणार, म्हणून तांबं घातलंस व्हय?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. मी तर पायाच्या बोटांकडे बघत उभी राहिले. सराफानं चमकी बदलून दिली. ती नवी चमकी घालून आक्का वर्षभर हिंडल्या. दाणा वाढला. आम्हा कुणालाच सराफाच्या आधी डॉक्टर आठवला नाही, कारण नाकाच्या त्या जागेचं काहीही झालं तर ते चमकीमुळेच, हे आमच्यात धरूनच चालतात.

शेवटी जवळच्या एका छोट्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी चामखीळ म्हणून जाळून, खरवडून काढून टाकली. जखम भरली, भोक बुजलं. आक्का खूश. थोड्या महिन्यांनी जरा वर नवीन भोक पाडून परत चमकी घातली. दोन-अडीच वर्षं कुणी त्या नाकाचा विचार केला नाही.

मग मला एक दिसायला लागलं. जुन्या जखमेचा वण वाढत होता. वण जुना झाला की आकसतो, हा पसरत होता. पांढरट, मेणासारखा, ताठ. दाणा नाही, रक्त नाही, दुखत नाही. पण डावी नाकपुडी वर ओढल्यासारखी दिसायची. दिवसभर कड बघून बघून माझी नजर तशीच झाली होती. या वणाला मात्र कड सापडत नव्हती. कुठं संपतो आणि चांगली कातडी कुठं सुरू होते, कळेना. बोलू का नको असं करत बरेच दिवस गेले. मग एकदा रिंगेकडे बघतच म्हणाले, "आक्का, तुमचं नाक वाकडं व्हायलंय."

"म्हातारपणी सगळंच वाकडं हुतंय."

"एकाच बाजूनं नाही होत."

त्यांनी आरसा मागवला. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "उद्या येशील माझ्यासंगं?"

आम्ही मोठ्या, ट्रस्टच्या दवाखान्यात गेलो. कातडीच्या डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी भिंगातून नाक बघितलं, बोटानं दाबलं, ताणलं. विचारलं, "आधी काढलं होतं तेव्हा तुकडा तपासायला पाठवला होता?"

"तुकडा? बादलीत टाकला असंल."

बाईंनी छोटासा तुकडा घेतला आणि आठवड्यानं बोलावलं. त्या दिवशी त्यांनी आम्हाला आधी खुर्च्या दिल्या. त्या म्हणाल्या, हा कातडीचा कॅन्सर आहे. लगेच पुढं म्हणाल्या, घाबरू नका, हा सहसा अंगात दुसरीकडे पळत नाही. आहे तिथंच बसतो आणि आजूबाजूचं खात राहतो. याचे प्रकार असतात. एक गाठीसारखा, त्याची कड स्वच्छ कळते, नीट काढला की बहुतेक संपतो. एक वरवर पातळ पसरणारा. आणि एक चांगल्या कातडीखालून बारीक धाग्यांसारखा जाणारा. तो वरून जुन्या वणासारखा दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. "तुमचा हा तिसरा आहे. हाच जास्त करून परत येतो. त्यात जागा नाकाची, आणि एकदा येऊन गेलेला."

"पहिला दाणा तर काळा होता," मी म्हणाले. मी बोलले याचं मलाच नवल वाटलं.

"आपल्याकडे काळपट दिसतो पुष्कळदा. तेव्हा नुसती गाठ असेल, किंवा वर गाठ आणि खाली हे धागेही असतील. तुकडा नाही, तर आता सांगता येणार नाही."

आक्का म्हणाल्या, "म्हंजी हरळी हाय म्हणा की."

"हरळी?"

"गवत वो. वरनं खुरपलं की रान सोच्छ दिसतंय. खाली कांड्या जित्या. पंधरा दिसांनी पुन्ना हिरवं."

बाई हसल्या. "माझ्या आजोळी होती हरळी. हो, तसंच. म्हणून कांडी-कांडी शोधून काढावी लागणार."

"नाक ऱ्हाईल का?"

"जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवू. किती, ते काढल्यावरच कळेल. पण आता टाळलंत तर उरायचंच नाही, आणि पुढं डोळ्याकडेही जाऊ शकतं."

बाहेर आल्यावर आक्कांनी माझा दंड धरला. "कॅन्सर ह्यो शबुद घरात न्यायचा न्हाई. प्राजूची सुपारी हाय. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर घराण्यात रोग हाय म्हणतील, पोरगी मागं यील." प्राजू म्हणजे थोरल्याची मुलगी. तिचं लग्न ठरत आलं होतं. "घरी सांगायचं, चमकी पिकलीय. भोकाची गाठ काढायचीय." आधी जी चूक होती, तीच आता सगळ्यांना सांगायचं कारण झाली, आणि ते कुणाला खोटं वाटलं नाही.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. भोसरीच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "त्या सराफाला मी लई बोलले गं."

ऑपरेशनच्या आधी मुद्दाम त्याच्याकडे गेल्या. चमकी काढून ठेवायला दिली आणि म्हणाल्या, "तुझं सोनं खरं व्हतं."

"मी सांगत होतो ना, आक्का."

"सांगत व्हतास. पण मजुरी जास्त लावलीस ती लावलीसच." आणि बाहेर पडल्या. सराफ माझ्याकडे बघून हसला. त्याला माफी पोचली होती.

अडचण पैशाची होती. बंगल्यात पैसा होता, पण आक्कांच्या हातात नव्हता, आणि मागितला की कशाला म्हणून विचारणार. भाजीचे साठवलेले होते, ट्रस्टनं काही कमी केले, तरी दहा हजार कमी पडले. रिंगांच्या कामाचे तेवढे माझ्या खात्यात होते. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "मालकीण आहे, पळून कुठं जाणार?" मी आक्कांना देते म्हणून सांगितलं.

"व्याज किती घेशील?"

"नको."

"भाडं कमी करायला लावशील."

"नाही."

"मग येडी हायस," त्या म्हणाल्या, आणि पैसे घेतले.

ऑपरेशनच्या दिवशी थोरल्यानं गाडीतून दवाखान्यापर्यंत सोडलं. "चमकीचंच आहे ना? तासाभरात होईल," म्हणून साइटवर निघून गेला. तास नाही, सबंध दिवस गेला. त्यांची पद्धत अशी होती की जागा बधिर करून थोडं कापायचं, ते आतल्या खोलीत तपासायचं, कडेला काही दिसलं तर नेमक्या त्याच बाजूनं परत कापायचं. कड स्वच्छ आली की थांबायचं. तोवर आक्का शुद्धीत, नाकावर पट्टी, बाकड्यावर माझ्या शेजारी.

पहिल्यांदा नर्स आली आणि म्हणाली, "आजी, गालाकडच्या बाजूला आहे अजून थोडं. चला."

"माप चुकलं का शिंपिणीचं?" आक्का उठत म्हणाल्या. नर्स हसायला लागली.

दुसऱ्यांदा बाहेर आल्या तेव्हा पट्टी मोठी होती. मी आणलेला चहा त्यांनी घेतला नाही. नर्स परत आली. "खालच्या बाजूला एक धागा आहे."

या वेळी आक्का उठल्या, दोन पावलं गेल्या आणि वळून मला म्हणाल्या, "परभणी, बघ गं, किती ऱ्हायलंय?"

पट्टीवरून काय कळणार. मी म्हटलं, "दिसतंय की नाक."

"खरं सांग."

"पट्टी आहे आक्का. मला दिसत नाही."

"आता खरं बोललीस," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी बाकड्यावर बसून राहिले. माझ्या कामात ब्लेड जास्त लागलं की मी रिंग बाजूला टाकते आणि दुसरी घेते. इथं दुसरी नव्हती.

तिसऱ्यांदा कड स्वच्छ आली. डॉक्टर बाई स्वतः सांगायला आल्या. मग गालाची कातडी ओढून ती जागा झाकली. डावी नाकपुडी लहान झाली, काठाला एक खाच राहिली, पण नाक राहिलं. बाईंनी ताकीद दिली की त्या बाजूला आता भोक पाडायचं नाही. नवीन वण झाला तर खालून काही येतंय का ते कळणार नाही. पहिली तीन वर्षं भीतीची, दर काही महिन्यांनी दाखवायचं, पाच वर्षं सोडायचं नाही. आणि उन्हात टोपी.

टोपी आक्कांनी घातली नाही. पदर मात्र पुढं ओढून तोंडावर सावली करायला लागल्या आणि गेटावरची जागा सोडून झाडाखाली बसल्या. "गिऱ्हाईक कमी झालं," म्हणून डॉक्टरला दोष देत राहिल्या.

प्राजूचं लग्न चाकणच्या कार्यालयात झालं. आक्कांनी सराफाकडून दाबाची नथ करून घेतली आणि उजव्या नाकपुडीला लावली. वरमायेच्या बहिणीनं बघितलं. "अगंबाई, नथ उजवीकडं?"

"व्हय. आमच्यात उजवीकडंच."

सून तोंडाला पदर लावून उभी. तिच्या आयुष्यात तिनं सासूची नथ उजवीकडं बघितली नव्हती. ती बाई म्हणाली, "पण तुमच्या सूनबाईंची तर डावीकडं आहे."

"ती नगरची हाय," आक्का म्हणाल्या आणि पंगतीकडे निघून गेल्या. लग्न झाल्यावर आठ दिवसांनी त्यांनीच घरात खरं काय ते सांगितलं. थोरला रडला म्हणे. तिकडून येऊन मला म्हणाला, "वहिनी, आम्हाला सांगायचं ना." त्यानं माझे पैसे लगेच काढून पुढं केले. मागोमाग आलेल्या आक्का ओरडल्या, "ते माझं देणं हाय. तू मधी पडू नको."

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ. मी तपासणीला जायची न्हाई. मला माहीत हाय माझं. बरं वाटलं की मी दवाखान्याची पायरी चढत न्हाई. म्हणून असं करायचं. दर तपासणीला गेले की तुला थोडं पैसं देणार. न्हाई गेले, तर तुझं बुडालं. आता मला न्यायचं का न्हाई ते तू बघ."

असं माझ्यासारखीच्या गळ्यात टाकलं. जिला दुकानात सुट्टे मागता येत नाहीत, तिनं आक्कांना ओढून न्यायचं. पण नेलं. मधे आम्ही चाकणला खोली घेतली आणि तिकडे राहायला गेलो, तरी तारखेला मी बसनं मोशीला यायचे. एकदा आक्का थांब्यावर आल्या नाहीत. घरात नाहीत, गेटावर नाहीत. नदीकडच्या तुकड्यात गेले तर वांग्यांच्या ओळीत खाली बसलेल्या, मला बघून आणखी खाली वाकल्या. पलीकडे पाइपलाइनच्या कामाची माणसं होती. मी बांधावर उभी. हाक मारायला तोंड उघडेना. मग एकदम ओरडले, "आक्का, माझे पैसे द्या!"

सगळी माणसं काम थांबवून बघायला लागली. एवढ्या मोठ्या घरची बाई आणि तिच्याकडे कुणी पैसे मागतंय. आक्का उठल्या, कंबरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "आली बघा सावकारीण! थांब, पाय धुते." त्या वेळी खाचेजवळ एक बारीक पांढरा ठिपका होता. बाईंनी तुकडा घेतला, तपासला. नुसता वण निघाला. तो आठवडा मला झोप नव्हती. आक्कांनाही नसावी, कारण त्यांनी रोज फोन केला आणि प्रत्येक वेळी भाजीचे भाव सांगितले.

आक्का मागच्या थंडीत गेल्या. झोपेतच. नाकाचा काही संबंध नव्हता. प्राजूनं फोन केला, पण मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं, चेहरा बघायला मिळाला नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर आहे ती त्याआधीची, पाचव्या वर्षाच्या तपासणीची भेट.

त्या दिवशी डॉक्टर बाईंनी भिंगानं बघितलं, गालाखाली, जबड्याखाली बोटं फिरवली. म्हणाल्या, "आजी, या जागी काही नाही. आता परत येण्याची भीती फार कमी. अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा दाखवा, आणि तोंडावर कुठंही नवीन काही दिसलं तर लगेच या."

"चमकीवर ढकलायचं न्हाई," आक्का म्हणाल्या.

"हो. ते नाही."

बाहेर बस थांब्यावर आक्कांनी कंबरेचा बटवा काढला. त्यात उरलेले सगळे पैसे होते. मला एकदम वाटलं की हे घेतले तर पुढच्या वर्षी यांना आणणार कोण. मी म्हटलं, "आक्का, शंभर राहू द्या. पुढच्या तपासणीला द्या."

"कशाला?"

"असंच. राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. "न्हाई गं," म्हणाल्या, "आता माझी मी यीन. तू लई हेलपाटं घातलेस." आणि नोटा माझ्या मुठीत कोंबून वरून मूठ दाबली. मोशीची बस आली. आक्का चढल्या, पदर तोंडावर ओढून सावलीच्या बाजूला बसल्या आणि कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडायला लागल्या. बस गेली.

मी चाकणच्या बसमध्ये बसल्यावर पैसे मोजले. पुरे होते.